आरएक्स १००: गिअर ऑइल गळतंय, पण नक्की कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: १९९५ ची यामाहा आरएक्स १००, ठाण्यात नौपाड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये साइड स्टँडवर उभी असते. सकाळी इंजिनाच्या डाव्या बाजूखाली तळहाताएवढा डाग दिसतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. मित्र म्हणतो, ९० नंबरचं जाड तेल टाक, थांबेल. सेक्रेटरी डागावरून रोज बोलतात. पावसाळा संपेपर्यंत अशीच चालवली तर चालेल का?

इंजिन खोलायचं आत्ता नावही काढू नका. डाव्या बाजूची गळती बहुतेक वेळा बाहेरून बदलता येणाऱ्या एखाद्या सीलची, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कडीची असते. ९० नंबरचं तेल मात्र नकोच, त्याचं कारण पुढे देतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ही टू-स्ट्रोक गाडी आहे, त्यामुळे गिअरबॉक्सचा कप्पा वेगळा आणि त्याचं तेलही वेगळं. बदलताना साधारण ६५० मिली लागतं. पिस्टन आणि क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला) लागणारं टू-टी तेल पेट्रोलबरोबर जातं, त्याचा या तेलाशी संबंध नाही. स्प्लेंडर किंवा युनिकॉर्नसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर सगळे एकाच तेलावर चालतात. तिथे गिअरच्या सीलमधून तेल गेलं की इंजिनच उपाशी राहतं. तुमच्याकडे तेवढी सवलत आहे, म्हणून घाबरून निर्णय घ्यायची गरज नाही.

डाग कशाचा आहे ते ओळखा. रात्री इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बोटाने चोळून पाहा. गिअर ऑइल तपकिरी-करडं असतं, घासलेल्या क्लच प्लेटचा वास येतो. टू-टी तेलाला रंग घातलेला असतो, ते स्वच्छ दिसतं. काळं, चिकट आणि बोटाला कचकच लागणारं असेल तर ते चेनला मारलेलं तेल. चेनचं जुनं तेल डाव्या कव्हरखाली साचतं आणि गाडी गरम झाली की ओघळतं. यावरून चांगले सील बदलले गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर आत पाणी शिरलंय.

आता मुख्य मुद्दा. थेंब जिथून पडतो तिथून तो गळत असेलच असं नाही. तेल केसिंगच्या (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाच्या) कडेने सरकत सर्वांत खालच्या बोल्टवर येतं आणि तिथून टपकतं, म्हणून तेल काढायच्या ड्रेन बोल्टवर नेहमी आळ येतो. डावं कव्हर काढा. स्प्रॉकेटभोवतीचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवतीचा) चिखल आधी लाकडी काडीने खरवडा, मग डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने धुवा. बाजूलाच मॅग्नेटची, म्हणजे वीज तयार करणारी कॉइल आहे, तिच्यावर डिझेल उडू देऊ नका. फडक्याने कोरडं करा, तासभर थांबा आणि अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरा. कव्हर न लावता गाडी रात्रभर साइड स्टँडवर उभी ठेवा. सकाळी पांढऱ्या पावडरीत तपकिरी रेघ दिसेल. ती वरच्या टोकापर्यंत मागे नेत जा. जिथे सुरू होते, ती जागा.

दुसऱ्या रात्री हेच मेन स्टँडवर करा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, डावीकडचे सील तेलात बुडतात. मेन स्टँडवर डाग पडलाच नाही, तर गळती तेलाच्या पातळीच्या जरा वर आहे. दोन्हीकडे सारखाच पडला तर ती खाली आहे: ड्रेन बोल्ट किंवा केसिंगचा जोड. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालवून आल्यावरच ओलं होत असेल, तर सीलला हात लावण्याआधी गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तपासा. गरम झाल्यावर आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा सर्वांत कमजोर सीलमधून तेल बाहेर ढकलते. नवा सील घातला तरी तोही गळतो आणि दोष सीलच्या कंपनीला जातो. तेल जास्त भरलं तरी हेच होतं.

डाव्या बाजूला संशयित चार: मेन स्प्रॉकेटमागचा सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टचा सील, क्लच ढकलणाऱ्या यंत्रणेचा सील आणि न्यूट्रल स्विच. स्विचला ओ-रिंग (गोल रबरी कडी) बदलली की झालं. लिव्हरचा सील छोटा आणि स्वस्त. मात्र गाडी डावीकडे पडून शाफ्ट वाकला असेल किंवा त्यावर गंज चढला असेल, तर नवा सील महिनाभरात फाटतो. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करून, फिरवून पाहा.

स्प्रॉकेटच्या सीलवर जास्त वेळ घालवा, कारण तिथे सील बदलूनही गळती थांबत नाही अशा तक्रारी सर्वांत जास्त येतात. सीलची ओठासारखी कड शाफ्टवर नव्हे, तर शाफ्टवर बसवलेल्या कॉलरवर (धातूच्या नळीवर) घासते. वर्षानुवर्षं घासून कॉलरला चर पडते. कॉलर काढून पुसा आणि नख आडवं फिरवा. नख अडकलं तर कॉलरही नवी घ्या. मिळत नसेल आणि जागा असेल, तर नवा सील जुन्यापेक्षा मिलिमीटरभर बाहेर बसवा, म्हणजे कड चरीत न बसता कोऱ्या जागेवर बसते. दुसरी वाट कॉलर आणि शाफ्ट यांच्या मधली: तिथली ओ-रिंग कडक झाली की तेल सीलला वळसा घालून स्प्रॉकेटच्या आतल्या दात्यांतून येतं. स्प्रॉकेटच्या आतल्या दात्यांत तेल दिसलं की ओ-रिंगच समजा.

सील मुळात कशामुळे गेला, हेही शोधा. चेन फार ताणलेली असेल तर शाफ्ट सतत मागे ओढला जातो, बेअरिंगला चाल येते आणि सीलची एक बाजू खाल्ली जाते. चेनला मध्यभागी साधारण २५ मिमी खेळ हवा. स्प्रॉकेट हाताने वर-खाली हलवून पाहा. चाल लागली तर बेअरिंग गेलंय, आणि तेव्हाच मेकॅनिकचं इंजिन खोलायचं म्हणणं बरोबर ठरतं. चेन कधी तुटली असेल तर स्प्रॉकेटजवळ केसिंगला केसाएवढी भेग असू शकते. तिला आर्गन वेल्डिंग करून घ्यावं.

सील बदलताना जुन्यावर छापलेलं माप लिहून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. आधी तेल काढा. सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पक्कडीने ओढा. स्क्रू खोल गेला तर बेअरिंगला लागेल. पेचकसने उचकटताना सील बसायचं घर ओरखडलं तर बाहेरच्या कडेने कायमची गळती लागते. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, कडेवर तेलाचा हात, आणि शाफ्टच्या दात्यांवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून मगच सरकवा. बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून हळूहळू, सरळ ठोका. सिलिकॉन थापू नका. ते सीलला धरत नाही, आणि सुटलेला तुकडा आत जाऊन ब्रीदर बुजवतो.

जाड तेलाबद्दल. गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे नंबर वेगवेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत. गिअर ऑइलचा ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपासचा जाडपणा, म्हणजे मित्र समजतो तितकं ते जाड नाहीच. उलट मोटारींच्या डिफरन्शियलसाठीच्या (चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीसाठीच्या) तेलातले रासायनिक घटक तुमच्या ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचला आणि पितळी बुशांना मानवत नाहीत. क्लच घसरतो किंवा चिकटतो. जासो एमए छाप (ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) असलेलं २०डब्ल्यू४० घाला. गळती थांबवणारी बाटलीतली औषधंही याच कारणासाठी नकोत.

खाली डाग न पाडणारी गळती मात्र जास्त धोक्याची. क्लचकडचा, म्हणजे उजवीकडचा क्रँक सील गेला की इंजिन गिअर ऑइल आत ओढून जाळतं. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला आणि काळा होतो, आणि तेल घटतं. डाग पाहता पाहता हेही तपासून घ्या. ६५० मिली मोजून भरा, ५०० किमीनंतर गरम असताना पूर्ण काढून मापाच्या भांड्यात पाहा. थोडं तेल आत चिकटून राहतं. पण शंभर-दीडशे मिली कमी आणि जमिनीवर मोजकेच थेंब, तर ते सायलेन्सरमधून गेलंय. आणखी एक खूण: इंजिन चालू असताना तेल भरायच्या तोंडावर साबणाचा फेस लावा. फेस ठोक्याठोक्याला आत-बाहेर होत असेल तर क्रँककेसचा दाब गिअरबॉक्समध्ये येतोय. तेलाला पेट्रोलचा वास येणं हेही त्याच सीलचं काम. मॅग्नेटकडचा सील गेला तर तेल घटत नाही, हवा आत जाते, आयडलिंग आपोआप चढतं, आणि गायमुख घाटात सलग ताणली तर पिस्टन जाम होऊ शकतो. या दोन्हींत पावसाळा संपायची वाट पाहू नका.

बाकी गळतीसोबत किती दिवस राहायचं? थेंब मोजा. तेलाचे साधारण २० ते २५ थेंब म्हणजे १ मिली. रात्री १० थेंब पडत असतील तर महिन्याला १५ मिलीच्या आत. ६५० मध्ये ते काहीच नाही, दर महिन्याला भर घातली की झालं. पण हा हिशेब उभ्या गाडीचा. चालताना किती जातं ते वरच्या मापानेच कळेल. आणि स्प्रॉकेटचं तेल चेनवरून उडून मागच्या टायरच्या डाव्या कडेवर येत असेल, तर गाडी त्याच दिवशी थांबवा. माजिवड्याच्या पुलावर ओल्या वळणात तीच कड रस्त्याला टेकते. टायर भांडी धुण्याच्या साबणाने धुवा, पेट्रोलने नको. निघण्याआधी टायरच्या कडेवरून कागद फिरवायची सवय ठेवा.

वंदना टॉकीजसमोरच्या साचलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल आणि पाणी इंजिनाच्या वर गेलं असेल, तर घरी येऊन तेल तपासा. दुधाळ झालं असेल तर त्याच दिवशी बदला, मग थोडं चालवून पुन्हा एकदा बदला, कारण पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाही.

सेक्रेटरींसाठी: जुन्या पसरट ट्रेमध्ये लाकडाचा भुसा भरून इंजिनाखाली ठेवा. पेव्हर ब्लॉकवरच्या डागावरही भुसा रात्रभर दाबून ठेवा, सकाळी झाडून साबणपावडरने घासा. काढलेलं तेल बाटलीत भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या. सोसायटीच्या गटारात ओतलेलं ठाण्याच्या खाडीत जातं.