2017 हे लॅटिन संगीताचं वर्ष फक्त 'देस्पासितो'मुळे झालं का? तोच तोच ठेका असलेल्या या गाण्यांत ऐकण्यासारखं काय आहे, आणि सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नातले "तोच तोच ठेका" हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. अगदी हेच शब्द मी 2017 च्या गणेश चतुर्थीला माझ्या सख्ख्या दादाच्या तोंडून ऐकलेत.

आम्ही तेव्हा फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ किसिमीला राहत होतो. आमच्या जिन्यावरची बहुतेक घरं प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या लोकांची. वरच्या मजल्यावर साठीच्या एक बाई होत्या. मी त्यांना 'वेसीना' म्हणायचे, म्हणजे शेजारीण, आणि त्याही मला तेच म्हणायच्या. सकाळची आरती झाली, साताऱ्याहून दादा आणि अप्पा व्हिडिओ कॉलवर होते आणि वरून 'देस्पासितो' सुरू झालं, लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी यांचं ते स्पॅनिश गाणं. दादा तबल्यात विशारद. म्हणाला, "अगं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत तोच तोच ठेका. याला संगीत म्हणतेस तू?" मला उत्तर सुचलं नाही. अप्पा नुसते ऐकत राहिले.

आधी तुमच्या प्रश्नाचं. हो, आकडे त्याच गाण्याचे आहेत. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत 16 आठवडे पहिला क्रमांक, म्हणजे तोवरच्या विक्रमाशी बरोबरी. त्याआधी मुख्यतः स्पॅनिश असलेलं गाणं तिथे पोचलं होतं ते 1996 मध्ये, 'माकारेना'. एप्रिलमध्ये जस्टिन बीबरचा रिमिक्स आला नसता तर अमेरिकन रेडिओने ते इतकं लावून धरलं नसतं, हे माझं स्पष्ट मत. पण ते वर्ष मोठं झालं ते जानेवारीत आलेल्या या गाण्यामुळे नव्हे. सप्टेंबरनंतर जे घडलं त्यामुळे.

10 सप्टेंबरच्या रात्री इर्मा वादळ आमच्यावरून गेलं. आमची वीज गेली. वेसीनांकडे छोटा गॅस होता, त्यांनी जिन्यातल्या सगळ्यांना कॉफी करून दिली. दहाच दिवसांनी, 20 तारखेला, मारिया वादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं. अख्ख्या बेटाची वीज गेली, फोन बंद. वेसीनांचे पंच्याऐंशी वर्षांचे वडील डोंगरातल्या उतुआदो गावात एकटे. दोन आठवडे त्यांचा काही पत्ता नाही. खिडकीतून गाणं येणं बंद झालं. 'देस्पासितो'चा व्हिडिओ बेटाच्या राजधानीतल्या, सान हुआनच्या ज्या ला पेर्ला वस्तीत चित्रित झाला, तीही अंधारात होती. सरकार आधी मृतांचा आकडा 64 सांगत होतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो 2,975 वर गेला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकन संगीतकार-नाटककार लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी मदतनिधीसाठी एक गाणं काढलं. बेटावरच्या सगळ्या 78 नगरपालिकांची नावं त्यात गुंफलेली आहेत. वेसीना आमच्या सोफ्यावर बसून ते ऐकत होत्या. 'उतुआदो' आलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि गाणं संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही ते सात-आठ वेळा ऐकलं. त्यात जे कानांना कळतं ते दादाच्या विशारदच्या पुस्तकात नाही.

म्हातारबाबा सुखरूप होते. नोव्हेंबरात विमानाने आले, सामान म्हणजे एक पिशवी आणि तीन पांदेरो. पांदेरो म्हणजे आपला डफच समजा. प्लेना नावाचा त्यांचा लोकगीतप्रकार यावर गातात. पुरात काय झालं, कोण पकडलं गेलं, संपात काय झालं, सगळं प्लेनात येतं, म्हणून तिला 'गायलेलं वर्तमानपत्र' म्हणतात. डफावर पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नाताळात जिन्यातच बैठक जमली. बाबांनी सर्वांत मोठा पांदेरो माझ्या हातात दिला. त्याला सेगिदोर म्हणतात, तो एकच ठोका धरून चालतो. मधला त्याला जोड देतो आणि सर्वांत छोटा, रेकिन्तो, मनाला येईल तसा खेळतो. मी दहा मिनिटांत कंटाळून मधेच एक तुकडा घातला. बाबांनी वाजवणं थांबवलं. वेसीनांनी त्यांचं बोलणं मला सांगितलं: "तू हललीस तर मी कुठे उभा राहू?" पुढे दोन तास मी तो ठोका सोडला नाही. खांद्यातून कळा येत होत्या. आणि मला अप्पांच्या भजनी मंडळातले टाळकरी आठवले. एकादशीला रात्रभर तोच टाळ. कोणी म्हणालं का कधी, की हे संगीत नाही?

दादाचं कुठे चुकतं ते आता सांगते. ज्या ठेक्याला तो हसला, त्याचं नाव देम्बो; त्यावरच्या गाण्यांना रेगेतोन म्हणतात. कहरव्याच्या आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडून टाळ्या द्या, खाली पायाने सरळ चार ठोके धरा. तोल कसा लागतो ते पाहा. जमैकातून निघून, पनामातल्या स्पॅनिश रेगेतून तो प्वेर्तो रिकोच्या सरकारी चाळींत पोचला. 1995 मध्ये पोलिसांनी सान हुआनच्या दुकानांवर छापे घालून या गाण्यांच्या कॅसेटी जप्त केल्या होत्या. खालच्या वस्तीतून आलेल्या वाजवण्याला वरच्या लोकांनी आधी 'संगीत नाही' म्हणायचं, हे आपल्याकडे ढोलकीच्या बाबतीत झालंच की. दादाने तरी ते म्हणू नये. आमच्या आजोबांनी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली आहे आणि घरात ही गोष्ट सांगायची चोरी होती.

सुरुवात कुठून करायची? 'देस्पासितो'च ऐका, पण ठेक्याकडे नको, क्वात्रोकडे कान द्या. ते प्वेर्तो रिकोचं दहा तारांचं वाद्य, क्रिस्तियान निएव्हेस यांनी वाजवलंय. मग पनामाचे साल्सा गायक रुबेन ब्लादेस यांचा 'साल्सा बिग बँड' हा अल्बम. त्या नोव्हेंबरात लॅटिन ग्रॅमी या संगीत पुरस्कारांत 'देस्पासितो'ला चार पुरस्कार मिळाले, पण वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा ठरला, आणि योग्यच ठरला. मग मिळेल ती प्लेना.

एक सांगायचं राहिलं. रेगेतोनमधली पुष्कळ गाणी बायकांबद्दल फार हीन बोलतात. ती मी ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. आणि लॅटिन म्हणजे फक्त प्वेर्तो रिको नव्हे. मी तेवढंच जवळून पाहिलं म्हणून तेवढंच लिहिलं.

अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. दादा ही साइट वाचतो, म्हणून इथेच लिहिते. दादा, दिवाळीला येतेय. आजोबांची ढोलकी माळ्यावर आहे ती काढून ठेव, शाई भरून घे. बाबांनी दिलेला सेगिदोर मी आणते. ठोका मी धरीन, तुला हवं ते तू वाजव.