सॉकमध्ये रुजू होण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या सायबर सुरक्षा कंपनीत रुजू होण्याआधी तेथील काम प्रत्यक्षात कसे असते, हे तू विचारलेस ते फार बरे केलेस. तुझी नेमणूक सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘सॉक’ म्हणतात त्या विभागात झाली आहे. ग्राहक कंपन्यांच्या सर्व्हरचे, फायरवॉलचे (नको ती ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचे) आणि ईमेलचे लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, तेथे एकत्र येतात, नियमाबाहेरचे काही दिसले की पडद्यावर अलर्ट येतो, आणि तो खरा धोका आहे की ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे निष्कारण आलेला इशारा, हे पहिल्या पातळीवरच्या अ‍ॅनालिस्टने तपासून तिकिटात, म्हणजे त्या अलर्टच्या नोंदपत्रात, नोंदवायचे असते. बहुतेक अलर्ट निर्धोक निघतात आणि माझ्या मते या नोकरीची खरी कसोटी तिथेच लागते, कारण दिवसभर निरुपद्रवी तिकिटे बंद करून हात सवयीने चालू लागतो आणि पुढचे तिकीटही नीट न वाचताच बंद होते.

यावर उपाय म्हणजे ग्राहकाचा धंदा समजून घेणे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या टॉवेल निर्यातदाराच्या ईमेल खात्यात एके दिवशी सोलापुरातून आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीतून लॉगिन झाले, तर यंत्रणा अलर्ट देणारच. परंतु जानेवारीत फ्रँकफर्टला घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते आणि मालक तेथे गेलेले असू शकतात, हे ज्याला ठाऊक आहे तो आधी फोन करून खात्री करून घेईल. त्याच खात्यात बिलांची पत्रे बाहेरच्या पत्त्यावर आपोआप पाठवणारा नवा नियम दिसला, तर मात्र थांबू नकोस. परदेशी खरेदीदाराला ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे खोटे पत्र पाठवून मालाचे पैसे वळवणाऱ्या टोळ्या अशीच तयारी करतात, आणि एकदा गेलेली रक्कम परत मिळवणे फार कठीण असते. कामगारांचे पगार त्याच रकमेवर अवलंबून असतात, हे तुला मी वेगळे सांगायला नको. यंत्रमागाच्या गावात तू वाढला आहेस.

रात्रपाळी आणि सुट्टीच्या दिवसाची पाळी तुझ्या वाट्याला येईलच. तिला दुय्यम समजू नकोस. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्याचा तू जरूर अभ्यास कर. ११ तारखेला, म्हणजे दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीला, बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून, हाँगकाँगला रक्कम वळवली गेली आणि बँकेचे एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

घटना खरी ठरली की लिहिण्याचे काम सुरू होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्या घाईत काय दिसले, काय तपासले आणि कशाची अजून खात्री नाही, हे वेगवेगळे लिहिता येणारा माणूस मला कोणत्याही प्रमाणपत्रधारकापेक्षा मोलाचा वाटतो. म्हणून लिहिण्याचा सराव आतापासूनच कर.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिकलेले आजमावण्यासाठी ओळखीच्या कुणाच्याही संकेतस्थळावर, लेखी परवानगीशिवाय, हात टाकू नकोस. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्राहकांविषयी जे कळेल ते घरीही बोलायचे नाही.

पुढे सोलापूरला परतावेसे वाटले, तर येथेही काम आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट लागू केली, आणि ती लहान बँकेच्या संचालकांना मराठीत समजावून सांगणारी माणसे मला येथे फारच कमी दिसतात. तूर्तास कंपनीला एवढे विचारून घे की, नव्या अ‍ॅनालिस्टशेजारी पहिले काही महिने कोणी अनुभवी व्यक्ती बसते का, आणि रात्रपाळीत अडल्यास फोन कोणाला करायचा. जे उत्तर मिळेल ते मला कळव.

तुझा हितचिंतक