शिक्रा कॅमेऱ्यात येत नाही? आधी कॅमेरा घरी ठेवा

तुमची तक्रार अशी की बागेत शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी, रोज दिसतो, पण चार पावलं पुढे टाकली की उडतो. फोटो मिळालाच तर आभाळासमोर काळी आकृती. म्हणून आता लांबचं जवळ आणणारी ६०० मिमीची लेन्स घ्यावी का, असं विचारलंय. एवढ्यात नको. दोन आठवडे कॅमेऱ्याशिवाय जा, फक्त दुर्बीण आणि वही घेऊन.

शिक्रा घारीसारखा आभाळात घिरट्या घालत बसत नाही. तो पानांच्या आड दबा धरतो, म्हणून त्याला शोधायचं ते इतरांच्या गोंधळावरून. खारी एका सुरात ओरडायला लागल्या, सातभाईंनी कालवा केला, कावळे एकाच झाडावर तुटून पडले, की तिकडे बघा. फांदीखाली पांढरी शीट आणि छोटी उपटलेली पिसं पडलेली असतील तर ती त्याची नेहमीची बैठक समजा. वेळ टिपून ठेवा.

आवाजावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. मी एकदा वीस मिनिटं मान वर करून एक झाड पिंजून काढलं, आणि शेंड्यावरून हे काळं ध्यान निवांत उडून गेलं! पावशा पक्षी दिसण्यात फसवतो. चोच बघा. शिक्र्याची आकडीसारखी वळलेली, पावशाची बरीच सरळ.

बैठक आणि वेळ कळली की त्याच्या आधी जाऊन बसा. ऊन पाठीशी, झाड समोर. तो आल्यावर सरळ त्याच्या रोखानं चालत जाणं आणि टक लावून बघणं टाळा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ फिफ्थ अव्हेन्यूच्या एका इमारतीवर 'पेल मेल' नावाच्या लाल शेपटीच्या हॉकचं, म्हणजे अशाच एका शिकारी पक्ष्याचं, घरटं होतं. लोक ते वर्षानुवर्षं समोरच्या तळ्याकाठून टेलिस्कोप लावून बघत. डिसेंबर २००४ मध्ये ते काढलं गेलं, तेव्हा याच लोकांनी एवढा आवाज उठवला की त्याच महिन्यात घरट्याचा आधार परत बसवावा लागला. जवळ गेल्याशिवाय जीव जडत नाही असं थोडंच आहे?

आता कॅमेरा. काळ्या आकृतीचं कारण आभाळ. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या उजेडाला भुलतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ किंवा थोडं जास्त ठेवा, नाहीतर मागे झाडी येईल अशी जागा धरा. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो, उडताना १/२००० च्या आसपास. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. फोटोत थोडे दाणे आले तर चालतं, हललेला डोळा चालत नाही. उडण्याआधी तो बहुतेक वेळा शेपटी उचलून शिटतो, मग अंग आवळून पुढे झुकतो. शिटला की बोट शटरवर.

आमिष टाकणं, मोबाईलवर आवाज वाजवणं, दोन्ही नको. घरटं सापडलं तर त्याचं ठिकाण सोशल मीडियावर कुठेही टाकू नका. तो तुमच्याकडे तोंड करून सारखा ओरडत असेल तर घरटं जवळच असणार. तिथून लगेच निघा.