विम या टेक्स्ट एडिटरची नको ती बडबड कशी थांबवायची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅपिंगमध्ये (कळीला कमांड जोडताना) <सायलेंट> लिहिलंय, तरी कळ दाबली की खालच्या ओळीत मेसेज येतोच. असं का?

<सायलेंट>मुळे मॅपिंगमधली कमांड खाली टाइप होताना दिसत नाही, एवढंच. ती कमांड चालल्यावर स्वतः जे बोलते, त्याला हे बंधन नाही. तेही थांबवायचं तर मॅपिंगच्या आत, कमांडच्या आधी :सायलेंट लावा. दोन्हींची कामं वेगळी आहेत, म्हणून बहुतेक वेळा दोन्ही लागतात.

प्रश्न : सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या स्पेस काढणारी कमांड चालवतो. स्पेस नसल्या की ई४८६ (पॅटर्न सापडला नाही) ही एरर यायची. :सायलेंट! लावलं आणि सगळं शांत झालं. ठीक आहे ना?

नाही, काढून टाका. उद्गारचिन्हाशिवायचं :सायलेंट फक्त साधे मेसेज दाबतं, एरर दाखवतं. उद्गारचिन्ह लावलं की एररही गडप होतात, शिवाय एरर येऊनही पुढच्या कमांड चालूच राहतात. उद्या बफर (उघडलेला मजकूर) बदलता येत नसेल (ई२१) किंवा पॅटर्न लिहिताना कंस चुकला असेल, तरी तुम्हाला काहीच दिसणार नाही. स्पेस मात्र जिथल्या तिथे.

तुम्हाला हवंय ते एवढंच, की पॅटर्न सापडला नाही तर ती एरर धरू नये. त्यासाठी :सब्स्टिट्यूट या शोधून बदलणाऱ्या कमांडच्या शेवटच्या तिरक्या रेघेनंतर 'ई' हा फ्लॅग द्या. मग उरतो '१२ ओळींवर १२ बदल' असा मेसेज. तो 'रिपोर्ट' ऑप्शनमुळे येतो. त्याची मूळ किंमत २ आहे, म्हणजे दोनपेक्षा जास्त बदल झाले की विम सांगतं. त्याला साधं :सायलेंट पुरतं. त्याच्याच पुढे :कीपपॅटर्न्सही जोडा, नाहीतर तुमचा आधीचा शोध पुसला जाईल आणि पुढचं सापडलेलं दाखवणारी 'एन' कळ दाबल्यावर कर्सर रिकाम्या जागा शोधत फिरेल. क्रम असा : सायलेंट, कीपपॅटर्न्स, मग सब्स्टिट्यूट. कर्सरची जागा टिकवायला आधी विनसेव्हव्ह्यू() या फंक्शनने ती जपून ठेवा, शेवटी विनरेस्टव्ह्यू()ने परत आणा.

प्रश्न : ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडायच्या रचनेत) :सायलेंट! वापरलं, पण कॅच कधीच चालत नाही.

चालणारच नाही. :सायलेंट!खाली आलेल्या एररचा एक्सेप्शन, म्हणजे कॅचला पकडता येईल अशी एरर, होत नाही. कॅच हवा असेल तर उद्गारचिन्ह काढा. ते ठेवायचंच असेल, तर आधी 'व्ही:एररमेसेज' (नावात फक्त 'ईआरआर' आणि शेवटी 'एमएसजी') रिकामा करा आणि नंतर तपासा. दाबलेली एररही तिथे नोंदली जाते.

प्रश्न : टर्मिनलमध्ये :सायलेंट लावून बाहेरची कमांड चालवली की स्क्रीन विस्कटते.

बाहेरची कमांड संपल्यावर विम एंटर दाबायला सांगतं आणि मग स्क्रीन नव्याने काढतं. :सायलेंटमुळे तो थांबा जातो, सोबत स्क्रीन काढणंही राहून जातं. लगेच पुढे :रीड्रॉ! द्या. आउटपुट फक्त स्क्रिप्टला हवं असेल तर सिस्टिम() हे फंक्शन बरं. ते चाललं की नाही हे 'व्ही:शेल_एरर'मध्ये कळतं, शून्य म्हणजे ठीक.

प्रश्न : ऑटोसेव्हचा 'रिटन' मेसेज सारखा येतो.

एकाच स्क्रिप्टपुरतं असेल तर 'सायलेंट अपडेट' पुरे. फाइल लिहिता आली नाही तर एरर दिसेलच, आणि ती दिसायलाच हवी. कायमचं नको असेल तर मेसेज कमी करणाऱ्या 'शॉर्टमेस' ऑप्शनमध्ये मोठा 'डब्ल्यू' घाला. पण अधिक-बरोबर या चिन्हाने. नुसत्या बरोबरने आधीची सगळी अक्षरं उडतील.

प्रश्न : ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच कसं करू? 'इनहिबिट-मेसेज' सेटक्यूने टी (म्हणजे चालू) केलं, आता काहीच दिसत नाही.

कायमची किंमत देणारं सेटक्यू नको, तात्पुरती देणारं लेट वापरा. म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरतंच शांत राहील. आतून एरर आली तर लेट आधी सुटतं, म्हणून ती एरर दिसते. सेटक्यूने मात्र सगळीकडचेच मेसेज लपतात. दाबलेले मेसेज *मेसेजेस* बफरमध्ये जातच राहतात. तेही नको असतील तर त्याच लेटमध्ये 'मेसेज-लॉग-मॅक्स' निल (म्हणजे बंद) करा, पण स्क्रिप्ट नवी असेपर्यंत ही नोंद राहू द्या. फक्त सेव्हचा मेसेज नको असेल तर 'सेव्ह-सायलेंटली' टी केलं की झालं.