शेडच्या बांधकामासाठी मजुरांना सेफ्टी हेल्मेट घ्यायची आहेत. एचडीपीई प्लास्टिकचं घ्यावं की एबीएस प्लास्टिकचं? स्वस्त आणि महाग यांत खरंच फरक असतो का?

एचडीपीई की एबीएस यावर डोकं शिणवू नका, दोन्ही चालतात. आयएस 2925 (औद्योगिक हेल्मेटांचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण बघा, तिच्यासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. खरा फरक आतली पट्ट्यांची जाळी आणि हनुवटीचा पट्टा यांत असतो, आणि दुकानदार नेमकं तेच दाखवत नाही.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. हिंजवडीच्या एका साइटवर ठेकेदाराने पिवळ्या हेल्मेटांचा ढीग आणून टाकला. पट्टा म्हणजे बारीक इलास्टिक, आठवडाभरात लोंबायला लागलेलं. मागची पट्टी खुंटी-भोकाची, ती कुणाच्याच डोक्याला नीट बसेना म्हणून पोरांनी खाली गमछे गुंडाळले. सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) खोलताना बीदरकडचा एक पोरगा वाकून जॅकचा पाया बघत होता. वाकल्याबरोबर हेल्मेट घरंगळलं आणि वरून सुटलेली फळी उघड्या डोक्यावर आली. टाके पडले, पण वाचला. संध्याकाळी ठेकेदार सगळ्यांदेखत मला म्हणतो, "हेल्मेट देऊनही लागलंच ना? मग महागाचं कशाला?" अहो, हेल्मेट डोक्यावर होतं कुठे? ते घमेल्याशेजारी पडलं होतं, त्यावर साधा ओरखडा नव्हता. मी ते त्याच्या हातात दिलं, तरी त्याचं पालुपद तेच: "पोरं घालतच नाहीत."

पोरं घालत नाहीत, कारण पट्टी कपाळात रुतते आणि घाम डोळ्यांत उतरतो. पुढच्या साइटवर मी हट्टाने रॅचेटची, जाड घामपट्टीची हेल्मेटं घ्यायला लावली. मागची चक्री फिरवली की डोक्याला बसतं. तिथे कुणाच्या मागे लागावं लागलं नाही.

कवच आणि जाळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेमुळे जाळीला ताणायला वाव मिळतो आणि मार पचतो. तिथे गमछा, विडीचं बंडल, मोबाइल काहीही कोंबलं की मार थेट कवटीला बसतो. हेल्मेटच्या पुढच्या छज्ज्याच्या आतल्या बाजूला बाणाचं गोल चक्र असतं, त्यावर बनवल्याचा महिना-वर्ष कळतं. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल घेऊ नका. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. रंग पांढुरका पडला किंवा जोराचा मार बसला की हेल्मेट मोडून टाका, नुसतं बाजूला ठेवलं तर दुसरा कुणीतरी उचलून घालतो.

वीजकामाच्या माणसांना हवेची भोकं असलेलं हेल्मेट देऊ नका. उंचीवर चढणाऱ्यांना कानांच्या दोन्ही बाजूंनी येणारा वाय आकाराचा पट्टा हवा, आणि पडण्यापासून रोखणारा बेल्ट आणि दोर (लाइफलाइन) वेगळे हवेतच. हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे, माणूस पडला तर ते पुरत नाही.

आणि हेल्मेट ठेकेदाराच्या दरात धरू नका. तुम्ही स्वतः विकत घ्या, आणि मजुरांच्या पगारातून एक रुपयाही कापू देऊ नका.