डेअरीत पहिली नोकरी: क्यूसी घ्यावी की प्रॉडक्शन?

उदगीरला डेअरी टेक्नॉलॉजीचं बी.टेक. संपत आलंय, एकाच कंपनीने क्यूसी (म्हणजे लॅबमधली दर्जा तपासणी) की प्रॉडक्शन असं विचारलंय आणि घरचे म्हणताहेत क्यूसी घे, एसीत बसशील, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर प्रॉडक्शन घ्या. निदान पहिली दोन वर्षं.

मी नेमकं उलटं केलं होतं. 2011 साली एका दूध प्रकल्पात केमिस्ट म्हणून लागलो, हातात 9,000 रुपये. एसी होता, पण तो मशीनसाठी. टँकर आला की नमुना घ्यायचा, झाकण उघडल्या उघडल्या वास बघायचा, मग तापमान, सीओबी (उकळल्यावर दूध फाटतं का), आम्लता, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक). फॅटसाठी गर्बर टेस्ट. 10 मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं आणि सेंट्रीफ्यूजमध्ये टाकायचं. हे सगळं ज्या काचेच्या नळीत होतं तो बुटिरोमीटर हातात चांगलाच तापतो. माझ्या एकाही जुन्या शर्टाची बाही धड नाही. पण सहा महिन्यांत हे सगळं झोपेतही जमायला लागतं, आणि तिथेच शिकणं थांबतं.

एका रात्रीने माझे डोळे उघडले. पाश्चराइझ केलेल्या दुधाची फॉस्फटेज टेस्ट लावली होती. कच्च्या दुधातलं हे एन्झाइम 72 अंशांवर 15 सेकंदांत मरतं, म्हणून ते सापडलं तर दूध नीट तापलेलं नाही किंवा त्यात कच्चं दूध मिसळलंय असं समजायचं. नळीत पिवळा रंग आला. मी बॅच थांबवली. बाहेर क्रेट लागलेले, गाड्या उभ्या, सुपरवायझर माझ्यावर तडकलेला. त्याचंही खरं होतं. चार्टवर तापमान रात्रभर 72च्या खाली उतरलेलं नव्हतं, आणि उतरलं असतं तर डायव्हर्शन व्हॉल्व्हने दूध आपोआप परत फिरवलं असतं. मी टेस्ट पुन्हा लावली, दोन तास गेले, पुन्हा पिवळाच. दूध चुकलंय हे मला कळत होतं, का चुकलंय ते सांगता येत नव्हतं.

पाश्चरायझरवरचा ऑपरेटर आयटीआय झालेला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तो दोन्ही प्रेशर गेज बघून आला आणि म्हणाला, "साहेब, रिजनरेशनची प्लेट गेली असणार." त्या भागात प्लेटच्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या, एका बाजूने तापलेलं दूध वाहतं आणि दुसऱ्या बाजूने थंड कच्चं. कच्च्या बाजूचा दाब कमीच राहायला हवा. तो वाढला आणि प्लेटला बारीकसं छिद्र असलं, तर कच्चं दूध तयार दुधात झिरपतं. चार्टवर यातलं काहीच दिसत नाही. प्लेट खोलून डाय (छिद्र शोधायचा रंग) लावली तेव्हा सुईच्या टोकाएवढा ठिपका उमटला. दूध दुसऱ्या पाश्चरायझरवरून परत काढलं. याच रिजनरेशनची आकृती मी परीक्षेत रंगीत पेन्सिलींनी काढली होती.

तीन वर्षांनी मी हट्टाने प्रॉडक्शनला बदली घेतली, तीही पुन्हा ट्रेनी होऊन. सुरुवात आरएमआरडीवर, म्हणजे कच्चं दूध उतरवून घेतात त्या धक्क्यावर. कॉलेजात जे कोणी सांगत नाही ते तिथे कळलं: डेअरीतली निम्मी पाळी धुण्यात जाते. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, पाणी, नायट्रिक अ‍ॅसिड, पुन्हा पाणी. कॉस्टिकनंतरच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकायचा. गुलाबी झालं तर कॉस्टिक अजून पाइपात आहे. ही घाई एकदा केलीत की पुढची हजारो लिटर गटारात.

त्रास आहे, तो लपवत नाही. रात्रपाळी आहे, सततची ओल आहे, पायांना चिखल्या होतात. पाडव्याला घरोघरी श्रीखंड, म्हणजे आपली रजा रद्द. दिवाळीनंतर दूध वाढलं की पावडर प्लांट दिवसरात्र चालतो, त्या दिवसांत लग्नकार्यं विसरा. पाठीचं दुखणं असेल तर सरळ क्यूसी घ्या, त्यात कमीपणा नाही. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं डोक्यात असेल तरी क्यूसीच बरी. त्या पदासाठी तुमची पदवी चालते आणि अभ्यासाला वेळ मिळतो.

प्रॉडक्शन घेतलंत तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या: पोस्टिंग प्रोसेसला की पॅकिंगला? पॅकिंगला टाकणार असतील तर किती महिन्यांनी प्रोसेसला आणणार, ते ईमेलवर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं एचआर बदलला की हवेत विरतं. आणि गमबूट आपल्या मापाचे घ्या. मला पहिलं वर्षभर 9 नंबरचे घालावे लागले, पाय 7 नंबरचा.