ग्रेनोबलला आठ महिने आहोत, डोंगर कुठून सुरू करू?

यावेळी फ्रान्समधल्या ग्रेनोबलहून एकदम चार पत्रं आली, सगळी थोड्या काळासाठी तिथे गेलेल्या मराठी मंडळींची, त्यामुळे या अंकात दुसरं काहीच घेतलं नाहीये. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न: नमस्कार ताई, मिस्टरांचं आठ महिन्यांचं प्रोजेक्ट आहे, एप्रिलच्या शेवटी आलोय. पुण्यात असताना आमचा रविवार म्हणजे डोंगरच, राजगड-तोरणा झालंय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालंय. इथे तिन्ही बाजूंना डोंगर दिसतात आणि नुसती घालमेल होते. मिस्टरांचे कलीग म्हणतात जूनपर्यंत थांबा, पण ऊन तर लख्ख पडलंय! सुरुवात कुठून करू?

उत्तर: कलीग बरोबर बोलतायत, पण अर्धंच. थांबायचं ते फक्त उंचावर जायला, खाली कशाला थांबताय? ग्रेनोबल आहे २१२ मीटरवर आणि भोवतीचे तिन्ही डोंगर तीन स्वभावांचे. उत्तरेला शार्त्रूझ, पश्चिमेला व्हेरकोर, हे दोन्ही चुनखडीचे, कडे आणि वर पठार, तुम्हाला ओळखीचे वाटतील. पूर्वेला बेलदोन, तो मात्र खडबडीत, टोकदार आणि जवळजवळ तीन हजार मीटरपर्यंत जाणारा. त्याला जुलैपर्यंत हात लावू नका.

कारण सांगते. खाली ऊन लख्ख असलं तरी दोन हजार मीटरच्या वर उत्तरेकडच्या उतारांवर जुना बर्फ जूनमध्येसुद्धा असतो, आणि तो भुसभुशीत नसतो, रात्री गोठून सकाळी काचेसारखा कडक झालेला असतो. पायवाट मस्त चाललेली असते, मध्येच वीस-तीस पावलांचा पांढरा पट्टा येतो, पलीकडे वाट परत दिसत असते आणि आपल्याला वाटतं एवढंच तर आहे. घसारा कितीही उतरला असाल तरी त्याचा इथे काही उपयोग नाही, घसाऱ्यावर पाय रुतून तरी बसतो, इथे घसरलात की खालच्या दगडांपर्यंत थांबत नाही. असा पट्टा आला की परत फिरायचं, त्यात कमीपणा काही नाही.

मे महिन्यात शहराच्या डोक्यावरचा बास्तीय किल्ला पायी चढा, शार्त्रूझच्या पायथ्याची जंगलं फिरा, पाय तयार होतील. जूनमध्ये वाट कोरडी झाल्याची खात्री करून शामशोद. शार्त्रूझचा सर्वांत उंच माथा, २०८२ मीटर, पण सुरुवात कोल द पोर्त या १३२६ मीटरवरच्या खिंडीतून होते, म्हणजे चढ साधारण साडेसातशे मीटर. आधी जंगल, मग गवताचा उभा उतार, आणि माथ्याखाली छोटा रॉक पॅच, तिथे लोखंडी केबल लावलेली आहे. खूप लोकांच्या हातापायांनी खडक गुळगुळीत झालाय, पावसानंतर लगेच जाऊ नका. खरं म्हणजे कुठल्याही ट्रेकला इथे किलोमीटर विचारायचेच नाहीत, चढ किती मीटर ते विचारायचं, इथले लोक ताशी तीनशे मीटर चढ धरतात आणि तो हिशोब बराचसा जमतो. पाच किलोमीटर वाचून खूश झालात आणि त्यात हजार मीटर चढ निघाला की मग कळतं.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे गडावर टाकं असतं म्हणून एक बाटली घेऊन निघायची सवय लागलेली असते. चुनखडीत पाणी थेट आत मुरतं, व्हेरकोरच्या पठारावर तासन् तास चाला, झरा सापडायची मारामार. उन्हाळ्यात माणशी दोन-तीन लिटर न्यायचंच, आणि गावातल्या नळावर 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज-वादळं होतात, म्हणून पहाटे निघून दोनच्या आत माथा सोडलेला बरा. माझ्या मते सगळ्यांत छान महिना सप्टेंबर, हवा स्वच्छ आणि सुट्टीची गर्दी ओसरलेली. नकाशा आयजीएनचा घ्या, १:२५,००० वाला. वाटेवर पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे स्थानिक. इमर्जन्सी नंबर ११२. डोंगरातून उचलून आणायचे पैसे फ्रान्समध्ये सहसा घेत नाहीत (स्कीसाठी आखलेल्या उतारांवर, म्हणजे पिस्टवर, घेतात), पण पुढच्या हॉस्पिटलचा खर्च असतोच, तेव्हा इन्शुरन्समध्ये डोंगरभटकंती धरली आहे का ते आजच बघा.

प्रश्न: मेंढरांच्या राखणीला असतात त्या पातू कुत्र्यांची खूप भीती वाटते, खरंच अंगावर येतात का?

उत्तर: येतात, भुंकत येतात, वासराएवढे पांढरे. लांडगे १९९२ मध्ये इटलीकडून फ्रान्समध्ये परत आले, तेव्हापासून मेंढरांबरोबर हे कुत्रे ठेवणं खूप वाढलं. त्यांना तुम्ही कोण ते बघायचं असतं. पळू नका, काठी उगारू नका, डोळ्याला डोळा देऊ नका, शांत उभं राहून हळू बोला. कळपाच्या मधून अजिबात जायचं नाही, लांबून वळसा घाला, सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा. आणि पिशवीतलं बिस्किट काढू नका प्लीज, ती गल्लीतली मोती-टिपू नाहीत.

प्रश्न: मी मूळचा नाशिकचा, सहा महिने रिसर्चसाठी इथे आहे. आल्प द्युएझचा घाट सायकलने चढायचंच आहे, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत लहानपणापासून बघतोय. इथल्या पिवळ्या भाड्याच्या सायकलवर जमेल का?

उत्तर: अरे बाबा, नको! ती सायकल शहरासाठी आहे, दणकट आणि जड. शहरात मात्र तिच्यासारखी दुसरी नाही, कारण भोवती एवढे डोंगर असून ग्रेनोबल स्वतः अगदी सपाट आहे, इझेर नदीच्या काठाने कितीही जा, चढ म्हणून नाही. पहिले काही आठवडे तेच कर.

घाटाची परीक्षा कोल द पोर्तवर घे. शहरातून निघून ल साप्पे गावावरून वर, चढ जवळपास अकराशे मीटर, म्हणजे आल्प द्युएझएवढाच, फक्त जास्त अंतरात वाटलेला. हा न कुथता झाला की मग बूर द्वाझां गावात जाऊन चांगली रोड बाइक भाड्याने घे आणि चढ. १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८ टक्क्यांच्या आसपास, पण सरासरीवर जाऊ नकोस, पहिले दोन किलोमीटर दहा टक्क्यांचे आहेत आणि बहुतेक हौशी तिथेच जोशात सगळा दम घालवतात. वळणं २१, आणि नंबर उलटे, खाली २१ पासून वर १ पर्यंत, प्रत्येक पाटीवर इथे जिंकलेल्या रायडरचं नाव. टूर इथे पहिल्यांदा १९५२ मध्ये आली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. सकाळी लवकर जा, रस्त्यावर सावली फार कमी आहे. उतरताना विंडचीटर घाल, घामाने भिजलेलं अंग उतारावर गारठतं आणि बोटं बधिर झाली की ब्रेक दाबले जात नाहीत.

गालिबिए (२६४२ मीटर) पुढच्या महिन्यासाठी ठेव, ती खिंड बर्फामुळे बहुतेक वर्षी मेअखेर-जूनपर्यंत बंदच असते.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये सासू-सासरे येतायत, बाबांचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. काय दाखवू?

उत्तर: पहिल्या दिवशी बास्तीयचा रोपवे. १९३४ पासून चालू आहे, आताचे ते काचेचे गोल डबे १९७६ चे. हवा स्वच्छ असेल तर वरून आल्प्सचा सर्वांत उंच डोंगर माँ ब्लाँ दिसतो, बाबांना बाकावर बसवून द्या, एक तास आरामात जाईल. मग व्हिझीचा राजवाडा, आत फ्रेंच राज्यक्रांतीचं म्युझियम आहे आणि बाहेर मोठी बाग. कुठे चालायचंच नसेल तर ला म्यूरची छोटी रेल्वे, बरीच वर्षं बंद होती, २०२१ मध्ये परत सुरू झाली, खिडकीतून खाली मोंतेनारचा तलाव दिसतो. त्याच तलावावर दोन लांब झुलते पूल आहेत, त्यांना इथे 'हिमालयन पूल' म्हणतात, पण तिथपर्यंत चालावं लागतं, तो तुमचा दोघांचा प्रोग्राम. शार्त्रूझचा १०८४ सालचा मठ बघायचा म्हणतील, पण साधू मौनात राहतात, आत कुणालाच सोडत नाहीत, जवळ म्युझियम आहे तेवढंच.

जेवणाची काळजी करू नका. ग्राताँ दोफिन्वा म्हणजे दूध-सायीत भाजलेला बटाटा, रावियोल म्हणजे चीज भरलेली नखाएवढी चौकोनी पाकिटं, आणि इथले अक्रोड. रविवारी दुपारनंतर बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा ब्रेड-भाजी शनिवारीच आणून ठेवा. फक्त हॉटेलात ऑर्डर देताना 'साँ लार्दों' म्हणा, नाहीतर वरून डुकराचे बारीक तुकडे पेरून आणतात आणि त्यांना ते मांस वाटतच नाही.